मैनेची डावी सीट

माहं तोंड खराब आहे, हे आधीच सांगून टाकतो. आदिलाबादेत बस स्टँडच्या मागं माहं गॅरेज आहे. लखन मिस्त्री म्हटलं की कोणी बी बोट दाखवते. गिऱ्हाईक येते ते माहा हात चांगला म्हणून, अन् जाते ते शिव्या खाऊन. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणारा वकील असो की दोन-दोन वर्षं ऑईल न बदलणारा कचेरीतला साहेब, मी कोणाले सोडत नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडाले ब्रेकच नाही. खरं आहे ते.

मले सुधाकरराव भाऊंचं सांगाचं आहे. भाऊ तामसीकडचे, कापूस-ज्वारीच्या घरातले. शेती थोरल्या भावाकडं राह्यली अन् हे बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन लागले. तिथं एका मोठ्या साहेबाची विलायती गाडी क्वार्टरामागं कडूनिंबाखाली सडत पडली होती. दोन दारं, दोनच सीटा, कापडी टप मागं सारलं की वर आभाळ. बुटकी, लांब नाकाची, पिवळी जर्द, रेसच्या गाडीच्या जातीची. साहेबाची बदली झाली अन् भाऊनं बोनस घालून ते धूड घरी आणलं. लोक हासले. म्हणे, ह्याच्यात ना पोतं मावत ना पाव्हणा! मी तवा बेल्लमपल्लीतच मिस्त्रीगिरी शिकून राह्यलो होतो. ती गाडी पहिल्याच महिन्यात ढकलत ढकलत माह्यापाशी आली, तवापासून तिच्या पोटात माह्याशिवाय कोणाचा हात गेला नाही.

भाऊले लेकरूबाळ नाही. दारात बैल नाही. पण शेतकऱ्याचं रक्त, पोळा आला की त्यायले करमत नसे. मंग काय, पोळ्याच्या आदल्या दिवशी हा माणूस गाडीले धुवे, अन् बैलाचे खांदे शेकतात तसे तिच्या पुढच्या दोन्ही मडगार्डाले हळद अन् तूप लावून पळसाच्या पानानं शेके. वरून हात जोडून म्हणे, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्या दिवशी आरशाले लाल-पांढरा गोंडा, बोनेटवर बेगड, अन् समोर पुरणपोळी. मी म्हणे, "भाऊ, पोळा बैलाचा असते, तुमची तं मैना आहे!" मैना हे नाव रेणुकावहिनीनं ठेवलं होतं. भाऊ म्हणे, "जुंपली जाते ना रोज? मंग तिचा बी पोळा."

रेणुकावहिनी भाऊंची बायको. माहेर नार्नूर. तिथं त्यायचे भाऊ लक्ष्मणराव अजून आहेत. सासर मोठं कडक होतं, डोक्यावरचा पदर ढळला की सासू सगळ्यायसमोर बोले. पण भाऊनं पयल्यांदा त्यायले मैनेत बसवून तामसीहून नार्नूरले नेलं, टप उघडं टाकून, तं गुडीहत्नूरच्या पुढं वाऱ्यानं पदर उडाला. वहिनीनं दोनदा ओढला, दोनदा उडाला. मंग सोडूनच देला. मले त्या हासत सांगत, "लखनभाऊ, मैनेत पदर राह्यतच नाही, वारा नेते. अन् वाऱ्याले कोण बोलते?" पस्तीस वर्षं त्या डाव्या सीटवर उघड्या डोक्यानं बसल्या. सीट पाठीजवळ फाटली तवा आपल्या लग्नातल्या शालूचा हिरवा काठ कापून त्यायनं ठिगळ लावलं. टाके असे बारीक की माह्यासारखा माणूस बी पाहतच राहे.

रिटायर झाल्यावर दोघं आदिलाबादले आले, कारण मैनेचा डॉक्टर इथं होता, म्हणजे मी. सारं बरं चाललं होतं. पण गेल्या दसऱ्याले वहिनीचं हृदय थकल्याचं निघालं. नागपूरच्या डॉक्टरनं भाऊले बाजूले घेऊन सांगतलं, दोन-चार महिने. वहिनीले कोणी सांगतलं नाही, पण बाईमाणसाले कळते. त्यायनं एकच मागतलं. मैनेत बसून एकदा नार्नूरले जाचं, भावाच्या हातची चोळी घेऊन याचं, बस.

अन् त्याच आठवड्यात मैनेचा गिअरबॉक्स फुटला.

मी खाली घुसून पाह्यलं. गिअरचे दाते गेलेले, वरचं लोखंडी घर तडकलेलं. असल्या गाडीचे पार्ट म्हणजे हैदराबादेतल्या जुन्या बाजारातल्या दोन-तीन दुकानांत मिळाले तं मिळाले, नाही तं विलायतेहून मागवा. मी म्हटलं, "भाऊ, सहा महिने धरा." भाऊ तिथंच टायरवर बसले. म्हणे, "लखन, सहा महिने आहेत कोणाकडं?"

मंग त्यायनंच कुठून तरी काढलं की हैदराबादेतला एक व्यापारी जुनी शौकाची गाडी घेऊन तिच्या बदल्यात चालती गाडी देते. त्याच्यापाशी तशीच दोन सीटची उघडी गाडी होती, सात-आठ वर्षांची, निळी, बटण दाबलं की टप आपोआप मागं जाणारी. भाऊंचा हिशोब सरळ होता, उघडी गाडी पाह्यजे, चालणारी पाह्यजे, अन् आता पाह्यजे. वहिनी नागपूरच्या दवाखान्यात भरती होत्या, सोबतीले त्यायची भाची सुवर्णा होती. भाऊ एका दिवसासाठी परत आले अन् अदलाबदल ठरली.

व्यापारी ट्रक घेऊन माह्या गॅरेजवर आला. त्याले पाह्यलं अन् मी मनात म्हटलं, अरे हा तं तोच! बारा वर्षांपासून ह्याच्याकडून मी पार्ट घेऊन राह्यलो. ह्याच्या दारात गेलेली जुनी गाडी कधी गाडी म्हणून बाहेर निघाली नाही. दार इकडं, दिवा तिकडं, राह्यलेलं भंगारात.

भाऊले हे ठाऊक नव्हतं. भाऊले बैलबाजार ठाऊक. तिकडं रीत अशी की बैल विकला तरी दावं देत नाहीत, अन् घेणाऱ्याले बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोलाव लागते की शेतीले नेतो, सुरीले नाही. बोलला की बोलला, त्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. भाऊनं आरशाचा गोंडा सोडून खिशात ठेवला, ते दावं. मंग त्या व्यापाऱ्याचा हात धरून मैनेच्या बोनेटवर ठेवला अन् हिंदीत म्हणे, "बोलो, इसको चलाएगा, काटेगा नहीं."

तो हासला. "अरे अंकल, घर की बेटी जैसा रखूंगा." अन् बोलता बोलता त्यानं माह्याकडं पाहून हळूच डोळा मारला.

भाऊंचा चेहरा असा निवांत झाला, काय सांगू. शब्द मिळाला ना! ट्रकवर मैना चढवली तवा भाऊ पाठ करून उभे राह्यले. विकलेल्या जनावराले जाताना पाहत नाहीत म्हणून.

मी का बोललो नाही? लय खेपा सोताले विचारलं. वाटलं, बोललो तं सौदा मोडते. सौदा मोडला तं वहिनी नार्नूरले जात नाहीत. वाटलं, जाऊ दे, लोखंडच आहे शेवटी. तोंडाले ब्रेक नसलेल्या माणसानं त्या दिवशी बरोबर ब्रेक मारला.

वहिनी नागपूरहून आल्या. अंगणात निळी गाडी. "हे काय? मैना कुठं?" भाऊ म्हणे, "लखनच्या गॅरेजात, काम निघालं आहे मोठं. तोवर ही." वहिनीनं माह्याकडं पाह्यलं अन् मी हाव म्हणून मान हालवली. दुसऱ्या दिवशी त्यायले त्या गाडीत बसवलं. सीट खोलगट, कडक, दोन्ही बाजूनं अंग आवळणारी. दहा मिनिटांत त्यायले धाप लागली. उतरून म्हणे, "अवो, ह्याच्यात मले पाव्हणी आल्यासारखं वाटते. मैना होऊ द्या, तिच्यातच जाऊ." मंग दर आठवड्याले मी घरी गेलो की विचारत, "कुठवर आलं, लखनभाऊ?" मी म्हणे, "गिअर बसवून राह्यलो, वहिनी." तोंड खराब असलेल्या माणसाले खोटं बोलणं लय सोपं जाते, हे मले तवा कळलं. लोकायले वाटते, हा तं तोंडावर बोलणारा, हा काऊन खोटं बोलल?

संक्रांत गेली. वहिनी पलंगाले लागल्या. भाऊ माह्याकडं आले, म्हणे, "लखन, मैनेसारखी सीट भेटते का कुठं? ह्या गाडीत बसवून देशील? सीट सवयीची असली तं तुही वहिनी बसल. मी आस्ते आस्ते नेईन, वाटेत इंद्रवेल्लीले थांबून." मी म्हटलं, "भेटते, कशी भेटत नाही!" त्या व्यापाऱ्याले मुद्दाम फोन केला नाही. त्याच बाजारातल्या दुसऱ्या दुकानदाराले केला. तो म्हणे, नशीब काढलं तुमी, कालच एक डावी सीट आली हातात.

पार्सल बसनं आलं, गोणपाटात शिवलेलं. मले उकलून पाहाव वाटलं नाही, एवढी घाई. रिक्षात टाकलं अन् सरळ भाऊंच्या घरी. वहिनी उशीले टेकून बसल्या होत्या. भाऊ म्हणे, "पाहा तं खरं, लखननं काय आणलं तुह्यासाठी." मी मोठ्या डौलात विळा मागतला अन् पलंगाजवळच गोणपाट फाडलं.

पाठीजवळ शालूचा हिरवा काठ होता. बारीक टाके.

वहिनीनं हात लांबवला अन् त्या ठिगळावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मंग माह्याकडं पाहून विचारलं, "गॅरेजात आहे म्हणत होते ना, लखनभाऊ?" मी विळा खाली ठेवला. भाऊ सीटजवळ खाली बसले. म्हणे, "त्यानं शब्द देला होता मले. हात ठेवून देला होता."

वहिनी रडल्या नाहीत. खांद्यावरचा पदर उचलून डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत, जसा परक्या माणसासमोर घेतात. पस्तीस वर्षांत माह्यासमोर त्यायनं कधी पदर घेतला नव्हता. म्हणे, "मले आता कुठं जाचं नाही."

वहिनी चैतात गेल्या. नार्नूरचे लक्ष्मणराव चोळी घेऊन आले, ते तिरडीवर घालाले.

निळी गाडी ताडपत्रीखाली आहे, भाऊ तिच्याकडं पाहत बी नाहीत. काल पोळ्याचा आदला दिवस. मी घाबरत घाबरतच गेलो. भाऊनं ती सीट अंगणात पाटावर मांडली होती. पुसून साफ केली, काठाले धक्का लागू देला नाही. पळसाच्या पानानं हळद-तूप लावलं, पाठीले गोंडा बांधला अन् हात जोडून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." आवतन मैनेले होतं की वहिनीले, मी काही विचारलं नाही. मले रडू आवरलं नाही, हे खरं.

तवा भाऊ माह्याजवळ येऊन बसले. म्हणे, "लखन, त्या दिवशी शब्द देताना तो माह्याकडं पाहत नव्हता, तुह्याकडं पाहत होता. तुले माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "हाव, भाऊ."

भाऊंचा आवाज चढला नाही. हळदीचे हात धोतराले पुसत म्हणाले, "तू तं साऱ्या गावावर ओरडतो रे. त्या दिवशीच काऊन नाही ओरडला?"