सरपंचांवरचा ठराव आणि माझा हात

त्या वर्षी आमच्या गावात माणसं चहा प्यायच्या आधीही विचार करायची. कुणी कुणाच्या ओट्यावर चहा घेतला, यावरून तो कुठल्या पार्टीचा हे ठरायचं. गाव पाथर्डी तालुक्यातलं, तिसगावच्या बाजाराला जाणारं. सरपंचांवर अविश्वासाचा ठराव आला होता आणि पंचायतीत बायकांसाठी राखलेल्या जागेवर मी सभासद होते.

ती जागा मला सरपंचांनीच दिली होती. ते माझ्या यजमानांचे सख्खे मामा. "सूनबाई म्याट्रिक हाय, तिचंच नाव घाला," असं ते म्हणाले आणि काम झालं. सभेला मी पदर सावरून सतरंजीच्या कडेला बसायचे आणि दाखवतील तिथं सही करायचे.

आरोप विहिरीचा होता. दुष्काळात सरकारी कामातून गावासाठी विहीर खोदली, ती नेमकी मामांच्या लिंबाच्या बागेला लागून. शिवारातल्या सगळ्या बागा वाळल्या, ही तेवढी हिरवी राहिली. उपसरपंचांचं म्हणणं, बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना मामांनी गावाच्या विहिरीला इंजिन लावून बाग भिजवली. मामांची माणसं म्हणायची, इंजिन पाहिलं कुणी? उपसरपंचाला खुर्ची पाहिजे, म्हणून हे कुभांड.

मला दोन्ही खरं वाटायचं. बाग हिरवी होती हे तर दिसतच होतं; पण इंजिनाचा आवाज ऐकला म्हणणारा एकच माणूस होता आणि तो उपसरपंचांचं रान वाट्यानं करायचा. शिवाय गाव तहानलेलं होतं तेव्हा उपसरपंच गप्प बसले आणि पाऊस पडून विहीर भरल्यावर त्यांना हे आठवलं.

त्याच दिवसांत अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोग चालणार अशा बातम्या येत होत्या. माझे धाकटे दीर एस.टी.नं येणारा नगरचा पेपर पारावर मोठ्यानं वाचायचे. सख्ख्या मामांचा भाचा असून ते उपसरपंचांच्या बाजूला होते.

"एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष, त्याला बी कायदा सोडत न्हाई," ते म्हणाले. "मंग आपला सरपंच कोन लागून गेला?"

मामांच्या पार्टीतला एक सभासद विडी विझवत म्हणाला, "कायदा न्हाई, इरोधक सोडंनात त्याला. त्यानं आपलंच बोलनं टेपवर भरून ठिवलं, म्हनून घावला. हितं कुटं टेप हाय?"

सगळे हसले. पण कोण किती हसतंय, हे दोन्हीकडचे बघत होते.

सभा जवळ आली तशी मतांची ओढाताण सुरू झाली. एका सभासदाला जीपमध्ये घालून देवदर्शनाला नेलं, ते सभेच्या दिवशीच परत आणलं. शेवटी ठराव माझ्या मतावर अडला. उपसरपंचांच्या पत्नी कधी नव्हे त्या ओल्या शेंगा घेऊन आल्या. त्या जाईपर्यंत सासूबाई मला सोडून हलल्या नाहीत.

"माझा भाऊ हाय त्यो," त्या नंतर एवढंच म्हणाल्या.

यजमानांनी मला सरळ विचारलं, "तू मामांचीच ना?"

"मामा काय म्हणतात ते मला ऐकायचंय. आरोप खरा आहे का, हे त्यांना कुणी विचारलंच नाही."

 ते म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?"

सभा दुपारी शाळेच्या खोलीत भरली. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी ठराव वाचला आणि ते हात वर करायला सांगणार, तोच मी उभी राहिले. 

"सरपंचांना आधी बोलू द्या," मी म्हणाले.

"आता काय बोलायचं ऱ्हायलंय? समद्यांना ठावं हाय," उपसरपंच म्हणाले. मला वाटलं, मामांची माणसं तरी माझी बाजू घेतील. पण तीच म्हणाली, "नगं, मतावर जाऊ द्या." तेव्हा माझ्या लक्षात आलं की खरं काय ते ऐकायला दोन्ही बाजूंना नको होतं.

अधिकारी म्हणाले, "बोलायचा हक्क त्यांना कायद्यानंच आहे."

मामा उठले. ते भाषण करण्याआधीच मी विचारलं, "मामा, विहिरीवर इंजिन लावलं होतं का?"

 त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "व्हय. लावलं हुतं. पोरावानी वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत जळत हुती. पन गावाचं भरून झाल्याबिगर कदी लावलं न्हाई."

"गावाचं भरून होत होतं का, मामा?"

ते टोपी घालून खाली बसले.

मी हात वर केला. ठराव मंजूर झाला.

सासूबाई कित्येक महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. उपसरपंच सरपंच झाले. त्यांच्या पत्नी साडी-नारळ घेऊन आल्या, मी नारळ ठेवून साडी परत केली. त्यांचा चेहराच बदलला. "मंग तुमाला पायजे तरी काय?" त्या म्हणाल्या. त्यानंतर मला सभांचा निरोप उशिरा येऊ लागला. घरच्याला सोडते ती आपल्याला काय धरून राहील, असं नवे सरपंच म्हणत असल्याचं कानावर आलं. पुढच्या निवडणुकीत मला कुठल्याच पार्टीनं विचारलं नाही.

एकदा नगरला जाताना एस.टी.त मामा भेटले. शेजारची जागा त्यांनी मला दिली. लिंबाला काय भाव आलाय, पोरीचं कुठं जमतंय, असं बरंच बोलले. करंजीचा घाट लागला तसा त्यांनी आवाज खाली आणला.

"त्या दिशी मला बोलू दिलंस, त्ये बरं झालं सूनबाई. मनात धरलं न्हाई मी. पन कुनाच्या सांगन्यावरून हात वर केलास, त्ये आता तरी सांग."

"कुणाच्याच नाही, मामा."

ते समजल्यासारखे हसले. "नगं सांगू," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.