खिशातला फ्यूज

त्यांना सगळे जपूनकाका म्हणत. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस, पण विजेला इतका भिणारा की बायको म्हणे, "यांना आभाळात वीज चमकली तरी आधी मेन स्विच बंद करावासा वाटतो." काका यावर हसत नसत. ऐन उमेदीत त्यांचा जोडीदार शिडीवर चढून काम करत असताना, पंखा का बंद म्हणून घरातल्या कुणीतरी काढून ठेवलेला फ्यूज परत लावला होता. शिडी धरून काकाच उभे होते. तेव्हापासून काढलेला फ्यूज त्यांच्या खिशात जाई आणि काम संपेपर्यंत तिथेच राही. "लाइन बंद आहे" हे त्यांनी कुणाच्या तोंडून कधी मानलं नाही. त्यांची दुसरी सवय आधीच्या वायरमनचा उद्धार करण्याची. कुठल्याही घरातला बोर्ड उघडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "कुठल्या गाढवाने केलंय हे?"

लेकीने बागेच्या टोकाच्या खोलीत शिवणकाम थाटायचं ठरवलं. खोली कसली, अडगळीने गच्च भरलेली, वर्षानुवर्षं दार न उघडलेली. दोन मशीन, एक जड इस्त्री, तीन दिवे, एक पंखा, एवढ्यासाठी काकांनी आठ दिवस चौकटींच्या कागदावर आराखडा काढला. केबल अडीच फूट खोल, पाइपातून. तिच्यावर विटांचा थर, म्हणजे उद्या कुणी खणलंच तर आधी वीट लागावी. खोलीला स्वतःचं अर्थिंग आणि जरा कुठे गळती झाली की आपोआप पडणारा स्विच.

"बाबा, मी कपडे शिवणार आहे, रेल्वे नाही चालवणार."

"इस्त्री तापायला लागली की रेल्वेच असते ती," काका म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी घराचा फ्यूज काढला, खिशात टाकला, वरून चाचपला आणि लेकीला म्हणाले, "खण आता, बिनधास्त." हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला असावा. माती भुसभुशीत व्हावी म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी घातलं होतं. चपला चिखलात रुतायला लागल्या तशा लेकीने त्या काढून ठेवल्या आणि पहार उचलली. काका आराखडा घेऊन दोन वाफे सोडून उभे राहिले. तिकडे बायकोने खोलीचं फुगलेलं दार खांद्याने ढकलून उघडलं आणि आत शिरताच सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं.

"अगं बाई, हा दिवा अजून चालतो की."

काकांनी वर पाहिलं. खोलीतला धुळीने माखलेला बल्ब लागला होता आणि फ्यूज त्यांच्या खिशात होता.

फ्यूज काढूनही दिवा लागतो म्हणजे लाइन फ्यूजच्या अलीकडून, थेट मीटरजवळून आलेली. कुठून आली आणि कुणी ओढली, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं.

"बाबा, मूळ आडवं आलंय," लेक म्हणाली. "काळं आहे, चिवट. तोडून टाकते."

तिने पहार डोक्यावर नेली. अनवाणी पाय, ओला चिखल, हातात लोखंड. काका जन्मभर ज्याला त्याला जपून, जपून म्हणत आले आणि आता तोंडातून शब्द फुटेना. ओरडलो तर दचकेल, दचकली तर पहार खालीच येईल, एवढंच डोक्यात होतं. इतकी भीती त्यांना त्या शिडीखालीही वाटली नव्हती.

"बाळा," ते अगदी हळू म्हणाले. "पहार तशीच वर धर. खाली आणू नकोस. मागे ये. एक पाऊल. आणखी एक."

त्यांनी तिला बाळा म्हटल्याला पंधरा वर्षं झाली असतील. म्हणूनच की काय, काही न विचारता ती मागे सरकली. ती चार पावलं लांब गेल्यावर काका मटकन खाली बसले.

वीज कंपनीचा लाइनमन आला आणि त्याने खांबावरूनच पुरवठा तोडला. तिथला फ्यूजही काकांनी मागून घेतला आणि खिशात टाकला. मग तीनदा तपासलं आणि हातांनी माती उकरली. वायर जेमतेम वीतभर खोल होती. ना पाइप, ना वीट. वरचं काळं आवरण तडकून तांबं उघडं पडलं होतं. तिथून दोन बोटांवर मातीत पहारीची ताजी खूण होती.

लेक शेजारी येऊन वाकली. धोका अजून तिच्या लक्षातच आला नव्हता. वडिलांचा आवाज काढून ती हसत म्हणाली, "कुठल्या गाढवाने केलंय हे?"

"मी," काका म्हणाले. "तू पंधरा दिवसांची होतीस. तुझे लंगोट धुवायला आई अंधारात या खोलीतल्या मोरीवर जायची. बोर्डात जागा नव्हती, म्हणून दोन दिवसांपुरती ओढली होती."

लेकीचं हसू थांबलं. तिने आधी उघड्या तांब्याकडे पाहिलं आणि मग आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे.