मुद्देमालातला निळा कॅन

जाफराबाद भागातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. तेव्हाची ही घटना.

खबऱ्या म्हणाला, "साहेब, मळ्यात एक जण दारूची भट्टी लावून राह्यलाय. वास पार रोडापर्यंत येतो." आम्ही छापा घातला. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडात चाळिशीचा एक शेतकरी पिंप ढवळत होता. पिंपात तेलगिरणीने टाकून दिलेला सरकीच्या तेलाचा गाळ, शेजारी निळा कॅन. दारू ओळखायची आमची रीत ठरलेली: झाकणात थोडं घ्यायचं, काडी लावायची, पेटलं की दारू. कॅनमधलं पेटलं. माझ्या हवालदाराने तिथेच पंचनामा लिहिला.

ठाण्यात मी त्याला खोदून विचारलं.

"दारू न्हाई, साहेब. गाळाचं डिझल करतो, पंपाच्या इंजिनाला. त्याला हे स्पिरिट लागतंय. पण त्या कॅनला कुणाला हात लावू देऊ नका. इख हाय. डोळे जातेत."

"म्हणजे विषारी दारू करत होतास. कबूल?"

त्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, मासा गळाला लागला.

कॅन मुद्देमालाच्या खोलीत गेला. आता लपवून काय करू? त्या खोलीतली दारू नेहमीच थोडी आटायची आणि मी काणाडोळा करायचो. कोठडीतून तो संध्याकाळपर्यंत ओरडत होता, "खोलीला कुलूप लावा, साहेब!" हवालदार हसला, "चोराच्या उलट्या बोंबा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हवालदाराने विचारलं, "साहेब, लाईट गेली का?" दारातून लख्ख ऊन आत आलेलं होतं.

कोठडीतला माणूस गज धरून उभा राहिला. "पिलं का यानं? दवाखान्यात न्या, जल्दी!"

सगळा तपास तिथेच लागला. जीप जालन्याला पिटाळली. हवालदाराचा जीव वाचला, डोळे गेले.

पुढे त्या पिंपातलं तेल इंजिनात घालून पाहिलं. इंजिन बिनतक्रार चाललं. त्याला सोडताना मी पिंप परत देऊ केलं, पण त्याने ते नेलं नाही. एवढंच विचारलं, "हवालदारसाहेबांला जरा तरी दिसतंय का?"

खोटं ओळखण्यात माझी हयात गेली. खरं ऐकायला मात्र शिकलो नाही, आणि आता शिकून त्या दोघांचं काय परत येणार? छाप्याच्या दिवशीच्या ठाणे डायरीत माझ्याच अक्षरात ओळ आहे: 'कॅनमध्ये विष असल्याची आरोपीने कबुली दिली.'