कॅप्टन बॅरोमीटरची करंगळी

लेनर्ड कुचिन्स्कीने एकतीस वर्षं अमेरिकेतल्या इरी शहराच्या पूर्व भागात लोकांची पत्रं घरोघरी पोचवली. बर्फ कमरेपर्यंत आलं तरी पोचवली, कुत्री पोटरीपर्यंत आली तरी पोचवली. आणि त्याच एकतीस वर्षांत त्याने स्वतः दरमहा जे एक पत्र लिहिलं, त्याला एकदाही उत्तर आलं नाही. एकूण तीनशे एकाहत्तर पत्रं. खरं तर तीनशे बहात्तर व्हायची, पण एका महिन्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याबद्दल त्याने सर्जनला अजून माफ केलेलं नाही.

सगळी पत्रं 'कॅप्टन बॅरोमीटर' या कॉमिकच्या संपादकाला. विषय एकच, करंगळी.

अंक २१२, पान नऊ. हवामानावर हुकमत असलेला आमचा कॅप्टन प्रोफेसर फ्रीझरच्या तावडीत सापडतो आणि त्याची एक करंगळी गोठून काचेसारखी खळ्ळकन तुटते. पुढच्याच महिन्यात, अंक २१३, पान तीन. कॅप्टन अनाथाश्रमाच्या मदतीसाठी पियानो वाजवतोय आणि डाव्या हाताची पाचही बोटं जागच्या जागी! लेनने त्याच रात्री कागद ओढला आणि विचारलं, "डावी करंगळी आली कुठून?" त्यानंतर त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, मुलींची लग्नं झाली, केस गेले. प्रश्न तोच राहिला.

अंकाच्या शेवटी वाचकांच्या पत्रांचं एक पान असायचं, 'हवेचा अंदाज' नावाचं. तिथे आपलं पत्र छापून यावं, खाली संपादकाने "चुकलो बुवा" एवढं म्हणावं, की लेन सुखाने मरायला मोकळा. लॉटरी, बढती, फ्लोरिडात घर, यातलं त्याला काही नको होतं.

आणि त्या वर्षी प्रकाशकांनी, म्हणजे ग्रँड फेडरल कंपनीने, जाहीर केलं की ऑगस्टमध्ये आमचं अख्खं विश्व संपणार. सगळ्या मालिका बंद. सप्टेंबरपासून सगळ्या पुन्हा अंक एकपासून. आजवर घडलेलं काहीच घडलं नाही असं समजावं. कॅप्टन पुन्हा पंचविशीचा, पुन्हा अविवाहित. करंगळीचं प्रकरणही अर्थातच बाद.

"एकतीस वर्षांचा पुरावा एका सहीत नष्ट!" लेन काउंटरवर मूठ आपटून म्हणाला.

"काच आहे ती," रोझॅन म्हणाली.

रोझॅन पिकारेली आमच्या कॉमिकच्या दुकानाची मालकीण. दुकान तिच्या नवऱ्याचं. तो गेला आणि हिच्या गळ्यात सहा हजार कॉमिक्स आणि आम्ही चौघं पडलो. चौघं म्हणजे लेन, शेजारीच दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर हॅनिगन, शाळेची बस चालवणारा डेलरॉय, आणि मी. दर बुधवारी नवे अंक येतात, आणि दर बुधवारी आम्ही येतो. रोझॅन विणकाम करता करता आम्हाला सहन करते.

कंपनीने एक शेवटची आशा ठेवली होती. अखेरच्या अंकात, म्हणजे ५८४ मध्ये, वाचकांची निवडक पत्रं चार पानं भरून छापणार होते. लेनची झोप उडाली. त्याने शेवटचं पत्र रजिस्टर्ड पाठवलं. स्वतःच्याच पोस्टात रांगेत उभं राहून.

तो बुधवार उजाडला. रोझॅनने खोका फोडला आणि आमच्यावर आभाळ कोसळलं. अंक आले होते पाच.

"पाच?" डॉक्टर किंचाळले. "आणि तिकडे अंक एकची मागणी किती नोंदवलीस?"

"दोनशे," रोझॅन म्हणाली. "तीन महिने आधी सांगावं लागतं, डॉक्टर. मरायला टेकलेल्याला कोण विचारतं? बारशालाच गर्दी होते."

चौघांना चार मिळाले. पाचवा तिने नवऱ्याच्या फोटोशेजारी ठेवला आणि सांगितलं, "याला हात लावाल तर खबरदार." खरं संकट पुढेच होतं. प्रत्येक अंक काळ्या, चारी बाजूंनी बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. आमच्या जमातीचा नियम बाहेरच्याला पटणार नाही, पण सांगतो. बंद पिशवी फाडायची नसते. फाडली की अंक अशुद्ध झाला. म्हणून आम्ही दोन घेतो. एक वाचायला, एक जन्मभर न वाचायला. आणि आज वाट्याला एकेकच.

तेव्हा काउंटरभोवती आम्ही चौघं उभे, प्रत्येकाच्या हातात विश्वाचा शेवट, आणि तो काय आहे हे एकालाही ठाऊक नाही.

"डेलरॉय, तू फाड. तू तरुण आहेस," डॉक्टर म्हणाले.

"चव्वेचाळीसचा आहे मी. तुम्ही फाडा, तुमचं अर्धं आयुष्य तरी झालंय."

"कंप्युटरवर बघा की," रोझॅन सुई न थांबवता म्हणाली.

आम्ही तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चर्चमध्ये शीळ घातली. स्वतःच्या डोळ्यांनी वाचण्याआधी शेवट कुणाकडून ऐकायचा नाही, हा नियम क्रमांक दोन.

लेन पिशवी उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघत होता. मग वास घेतला. मग कानाशी नेली.

"काय म्हणतंय पत्र?" डेलरॉयने विचारलं.

"चेष्टा करू नकोस. आत मी असेन, किंवा नसेन."

एवढ्यात लेनची बायको बर्नडेट पेपरोनी बॉल्सचा डबा घेऊन आत आली. पिझ्झाचं सारण भरलेले ते तेलकट गोळे पाहताच चौघांनी अंक छातीशी धरले.

"आलं का रे तुझं पत्र?"

"माहीत नाही."

"म्हणजे? अंक तर हातात आहे!"

"बंद आहे ना, बर्नी."

बर्नडेटने डबा खाली ठेवला. "एकतीस वर्षं मी तुझी तिकिटं चिकटवतेय. माझ्या जिभेला अजून गोंदाची चव येते. आणि तू म्हणतोस बंद आहे? दे इकडे!"

"तुझे हात तेलाचे आहेत!"

शेवटी डॉक्टर हॅनिगन यांनी मार्ग काढला. पिशवीला खालून, शिवणीच्या रेषेतच, केसाएवढी चीर द्यायची, अंक अलगद बाहेर, वाचायचा, पुन्हा आत. बाहेरून कुणाला संशय येणार नाही. ते दवाखान्यात जाऊन हातमोजे, कपाळावरचा दिवा आणि तीन प्रकारच्या सुऱ्या घेऊन आले. काउंटर स्पिरिटने पुसला. डेलरॉयला चिमटा धरायला लावलं.

"थोडं झोंबेल," सवयीने ते म्हणाले.

मग त्यांनी मोजलं, परत मोजलं, दिवा सरकवला, चष्मा पुसला, सुरी बदलली. वीस मिनिटं झाली. डेलरॉयच्या हाताला मुंग्या आल्या. लेनच्या कपाळावर घाम. डॉक्टर चौथ्यांदा "हं" म्हणाले, तेव्हा लेनने अंक खेचून घेतला, पिशवीचा कोपरा तोंडात धरला आणि दातांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दातांनी टर्रकन फाडला.

डॉक्टरांनी डोळे मिटले. पिशवीसाठी की दाढेसाठी, कळलं नाही.

कॅप्टन मेला की जगला, लेनने पाहिलंसुद्धा नाही. थेट शेवटची पानं. पहिलं पान, नाही. दुसरं, नाही. तिसरं, नाही. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"एल. कुचिन्स्की," तो पुटपुटला. "इरी, पेन्सिल्व्हेनिया."

बर्नडेटने तेलकट हातांनी त्याला मिठी मारली. कुणीही हरकत घेतली नाही. रोझॅनचं विणकाम थांबलं, जे तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेतही थांबलं नव्हतं.

"मोठ्याने वाच, लेका!" मी म्हणालो. "उत्तर वाच!"

लेनने घसा खाकरला.

"प्रिय कुचिन्स्की साहेब, तुटली ती उजवी करंगळी."

डेलरॉय मागच्या खोक्यांकडे पळाला आणि २१२ घेऊन आला. पान नऊ. कॅप्टन आमच्याकडे तोंड करून उभा. तुटलेली करंगळी पानाच्या डाव्या बाजूला. म्हणजे कॅप्टनची... मी माझा हात वर केला. डॉक्टरांनी त्यांचा केला. रोझॅनने सुईसकट केला.

"उजवीच," डॉक्टर म्हणाले. "लेन, मी रोज लोकांच्या समोरून त्यांच्या दाढा बघतो. एकदा विचारायचंस तरी."

"पुढे वाच," बर्नडेट म्हणाली.

लेनचा आवाज बारीक झाला होता. "पियानोवर दिसतो तो डावा हात. उजवा पियानोमागे आहे. खेळण्याच्या कंपनीने दहा बोटांच्या बाहुल्या आधीच बनवून ठेवल्या होत्या, म्हणून तुटलेलं बोट दाखवायला मालकांनी मनाई केली. बोट परत उगवलेलं दाखवायला आमच्या लेखकांनी नकार दिला. त्यामुळे गेली एकतीस वर्षं आमचे चित्रकार कॅप्टनचा उजवा हात लपवताहेत. खिशात, ढगाआड, झग्यामागे, एकदा भाजलेल्या टर्की कोंबडीच्या पोटात. दोघांनी नोकरी सोडली. हे तुम्हाला आधीच कळवलं असतं, तर तुमची पत्रं थांबली असती. तेवीस वर्षांपूर्वीच्या एका ऑक्टोबरात आम्हाला एकच पत्र आलं होतं, तुमचं. तेच मालकांना दाखवून मासिक चालू ठेवलं. आभार."

आम्ही खोके उपसले. चारशे, साडेतीनशे, पाचशे दहा. खरंच! कुठेही उजवी करंगळी नाही. कॅप्टन पृथ्वी वाचवतोय, उजवा हात खिशात. लग्नात वधूला अंगठी घालतोय, मध्ये फुलांचा गुच्छ. टर्कीचा अंक तर मी तीनदा वाचला होता.

"म्हणजे मी एकतीस वर्षं चुकत होतो," लेन म्हणाला.

"छापून चुकलास," डेलरॉय म्हणाला. "आम्ही घरीच चुकतो."

"आणि दुरुस्ती पाठवायला पत्त्यावर आता विश्वसुद्धा नाही," डॉक्टरांनी मीठ चोळलं.

लेनने फाटकी पिशवी घडी करून खिशात घातली, एक पेपरोनी बॉल उचलला आणि त्याच हाताने पुन्हा चौथं पान उघडलं. एल. कुचिन्स्कीच्या 'एल'वर तेलाचा गोल डाग पडला. विश्वाचा शेवट आम्ही मग त्याच्याच अंकात वाचला, आळीपाळीने, आणि हात धुवायचा आग्रहही त्याने धरला नाही. आमचे तीन अजून बंद आहेत.

त्यानंतर तीन आठवडे लेन दुकानात फिरकला नाही. बर्नडेट म्हणाली, संध्याकाळी टेबलाशी बसतो, पेनाचं टोपण काढतो, लावतो. लिहायला काही नाही.

चौथ्या बुधवारी अंक एक आला. दोनशेचे दोनशे. बर्नडेटने लेनला हाताला धरून आणलं. मुखपृष्ठावर पंचविशीचा कॅप्टन, नवा झगा, नवी हनुवटी, आणि वाचकांना उजवा हात उंच करून टाटा करतोय. कुठे लपवणं नाही, काही नाही.

लेनने सवयीने चष्मा लावला. चित्राकडे पाहिलं. मग चित्राकडे पाठ करून उभा राहिला, स्वतःचा उजवा हात वर केला, मान वळवून चित्राशी ताडून पाहिला. डॉक्टरांनाही तसंच उभं केलं. खात्री झाल्यावर त्याने अंगठ्यापासून मोजलं. पुन्हा मोजलं. मग डेलरॉयला मोजायला सांगितलं.

"सहा," डेलरॉय म्हणाला.

लेनच्या चेहऱ्यावर महिन्याभराने रक्त आलं.

"रोझॅन, कागद आहे का?" तो म्हणाला. "बर्नी, जीभ बाहेर काढ."