आई टीव्ही कुठून बघते

मंडळी, आज थोडक्यात वाचलो! महिनाभर मोबाईलवर स्क्रीनचे प्रकार वाचून एक क्यूएलईडी टीव्ही पक्का केला होता. परभणीच्या दुकानात आज पैसे देणार, तेवढ्यात सोबत आलेली आई उठली आणि टीव्हीच्या कडेला, थेट दुकानाच्या दारात जाऊन बसली.

"हितून तर समद्यांची तोंडं पांढरी दिसायलीत!"

दुकानदार म्हणाला, "मावशी, समोरून बघा ना."

"समोर बसायला टाइम कुणाला हाय? घरी म्या दारातच बसून बघते. अंगणात डाळ वाळत असती, शेळ्यांवर ध्यान कोण ठेवणार?"

मग आयपीएस पॅनलचा घेतला. त्यात कडेनंही रंग तसेच दिसतात. लय हलकं वाटलं.

इतकं वाचलं, पण आई रोज कुठं बसते ते कधी बघितलंच न्हाई. तुमच्या घरी सगळ्यात कडेला बसून टीव्ही कोण बघतं?