उजवीकडे कललेली मोटार

आमच्या थोरल्या जाऊबाईंना वाकडं काही खपत नसे. भिंतीवरची तसबीर बोटभर तिरपी असली तरी त्यांचा घास अडायचा. कामरगावच्या देशमुखांच्या या घरात मी सून म्हणून माप ओलांडलं, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हिची मुंडावळ डाव्या आंगाले गेली." आणि सगळ्यांदेखत त्यांनी ती सरळ केली. मला राग आला होता, पण त्यांच्यावर राग टिकवणं मोठं कठीण काम होतं.

थोरले, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माझे भासरे, अंगापिंडाने भक्कम. अकोल्याहून विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी दोघांपुरती, उघडी, बसकी मोटार विकत घेतली होती. ती पळायची फार. शंकरपटाच्या शर्यतीत पळणाऱ्या बैलजोडीवर करावं तसं ते तिच्यावर प्रेम करत. पण त्यांच्याशेजारी बसणार कोण? देशमुखांच्या बायका पडद्यात, त्या बैलांच्या झाकल्या दमणीतूनच जाणार. आणि गडीमाणूस मालकाला खेटून बसणार नाही. डावी जागा कायम रिकामी राहिली आणि सगळा भार उजवीकडच्या स्प्रिंगांवर पडून मोटार त्या अंगाला दबली.

"कोंडबा, मोटर उजवीकून बसून राह्यली," जाऊबाई खिडकीतून म्हणाल्या. सासूबाईंसमोर नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून त्या आमच्या सालदाराला, कोंडबाला सांगत आणि थोरलेही त्यालाच उत्तर देत.

"कोंडबा, जमीन उतरती हाये म्हनावं."

जाऊबाईंनी अंगणात मोटारीशेजारी परात ठेवायला लावली आणि तीत पाणी भरवलं. पाणी चारी अंगांनी कडेला सारखं टेकलं. जमीन सपाट निघाली, आणि थोरल्यांनी मिस्त्रीला निरोप धाडला.

अकोल्याच्या मिस्त्रीने स्प्रिंगा बदलल्या, त्याही पुढे दबल्या. मग थोरल्यांनीच अक्कल लढवली. डाव्या जागेवर तुरीचं पोतं ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर चादर पांघरली. मोटार बऱ्यापैकी सरळ झाली. दर आठवड्याला ते पोतं वाशीमची कचेरी पाहून यायचं. गाव हसत होतं. जाऊबाई हसल्या नाहीत. "तुरीले गादी, अन् बाईले दमणी," एवढंच म्हणाल्या.

त्या हिवाळ्यात किन्हीराजाहून निरोप आला. जाऊबाईंची आई अंथरुणाला खिळली होती आणि सारखं लेकीचं नाव घेत होती. बैल मात्र मळणी संपेपर्यंत खळ्यावर जुंपलेले. "खळं उलगलं की धाडू तुले," सासूबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, घराची चालच तशी होती. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या सकाळी थोरले वाशीमला निघाले. किन्हीराजा त्यांच्या वाटेवरच. जाऊबाई काखेत बोचकं घेऊन सरळ अंगणात आल्या. मी दाराआडून पाहत होते.

"कोंडबा, ते पोतं उतरवा."

"अवं, पडद्याचं काय?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"चादर हाये ना, आत्याबाई. पोत्याले पुरते, मले नाई पुरत काय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "माही माय खळं उलगेपर्यंत थांबन काय?"

कोंडबाने पोतं उतरवलं. जाऊबाई चढून बसल्या आणि त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. थोरल्यांनी आईकडे पाहिलं, मग चादरीकडे पाहिलं. आणि ते कोंडबाला मध्ये न घेता म्हणाले, "नीट धरून बस."

मोटार उजवीकडे दबलेलीच निघाली, कारण जाऊबाईंचं वजन पोत्याच्या निम्मंही नव्हतं. वेशीवर कुणीतरी म्हणे हटकलं, "मालक, आज तूर कमी भरली वाट्टे." थोरले हसले, चादरही हसली. किन्हीराजाला आई भेटली. लेकीला पाहून तिने दोन घास खाल्ले, आणि ती आंब्याच्या दिवसांपर्यंत जगली. तोवर जाऊबाई दर आठवड्याला जात राहिल्या. दुसऱ्या खेपेलाच चादर घरी राहिली, नुसता डोक्यावर पदर. सासूबाई तोंड फिरवून बसत, पण वाटेची शिदोरी त्याच बांधून देत.

मोटार सरळ करायचं थोरल्यांनी पुन्हा मनावर घेतलं नाही. मी जाऊबाईंना एकदा छेडलं, "हे वाकडं कसं खपते तुमाले?"

"पोचते ना बाई," त्या म्हणाल्या, "मंग झालं."

मी मात्र भासऱ्यांच्या शेजारी बसणं शक्यच नव्हतं. मलाही माझ्या आईकडे जावंसं वाटे; ते मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण जाऊबाईंनी ओळखलं होतं. एका सकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला मोटारीपाशी उभं केलं. "भाऊजी, तुमीबी शिकून घ्या. धाकटीलेबी माय हाये."

गोठ्याचं कुंपण मोडून का होईना, ते शिकले. जाऊबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला माझी आई आठवते. ती गेली तेव्हा मोटार मला घेऊन पोचली होती, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.