कानसेन आणि पिवळी रेघ

आमच्या सासरेबुवांना कारखान्यात सगळे कानसेन म्हणायचे. आधी कौतुकाने म्हणायचे, नंतर चेष्टेने, आणि हा बदल माझ्यामुळे झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बिचारा समजायला नको.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. लोखंड घासणारी दगडी व्हीलं नवी आली की मशीनवर चढवण्याआधी ती तपासायची. स्टोअरच्या खोलीत दार लावून घ्यायचं, व्हीलच्या मधल्या भोकात दांडी घालून ते टांगायचं आणि लाकडी हातोडीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचं. धड व्हील घंटेसारखं वाजतं. आत केसाएवढी चीर असली तरी थप्प असा मेलेला आवाज येतो. असलं व्हील मामा, म्हणजे आमचे सासरेबुवा, जागच्या जागी घणाने फोडायचे, चुकून कुणाच्या हाती लागू नये म्हणून. तीस वर्षांत त्यांनी पास केलेलं एकही व्हील फुटलं नव्हतं.

मी त्यांचा घरजावई. घर त्यांचं, नोकरी त्यांनी चिकटवून दिलेली, बायको त्यांची एकुलती एक मुलगी. मला ते चारचौघांत 'जावईबापू' म्हणायचे आणि सूर असा लावायचे की ऐकणाऱ्याला हसू आवरत नसे. जेवताना शिकवणी ठरलेली. दोऱ्याला कपाटाची किल्ली बांधून ताटावर गरगर फिरवायचे.

"जावईबापू, आत्ता दोरा तुटला तर किल्ली कुठं जाईल?"

"बाहेर. बोटापासून लांब."

"बघ गं," ते मुलीला म्हणायचे, "लिहायला येतं, वाचायला येतं, अक्कल तेवढी यायची राहिली. अरे, बाहेर फेकणारं तिथं कुणी बसलेलं नाही. दोरा तिला सारखा आत ओढतोय म्हणून ती वळतेय. सुटली की त्या क्षणी जिकडं तोंड असेल तिकडं नाकासमोर जाणार. चंद्राचं तेच. पृथ्वी ओढते म्हणून वळतो. बिचारा सारखा पडतोच आहे, पण आडवा इतका पळतोय की जमीन काही त्याला सापडत नाही. ओढ थांबली तर तोही सरळ चालता होईल, निरोपसुद्धा घेणार नाही."

बायको हसायची. मी घास गिळायचो. माणूस बरोबर बोलत असला की त्याचा जास्तच राग येतो.

याच हिशेबाने त्यांनी मशीनसमोर जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली होती. व्हीलला लोखंडी टोप असतो, पण घासायची वस्तू धरायला समोरून तो उघडा ठेवावाच लागतो. व्हील फुटलं तर तुकडा त्या फटीतून सुटून सरळ रेघेवर येणार. म्हणून नवं व्हील पहिल्यांदा फिरवताना पूर्ण एक मिनिट रेघेवर कुणी थांबायचं नाही, खुद्द मालक आला तरी. "वेग दुप्पट केला की धरून ठेवायला ताकद चौपट लागते," ते बजावायचे. "चिरलेल्या दगडानं ती आणायची कुठून?"

दोन वर्षांपूर्वी बायकोने मला एकदा बाजूला घेतलं. "अहो, बाबांना आता नीट ऐकू येत नाही. साहेबांना कळलं तर हातात झाडू देतील. तो अपमान त्यांना सोसायचा नाही. तपासताना तुम्ही खोलीत थांबत जा ना. कसं वाजलं ते सांगत जा."

मी थांबू लागलो, पण सांगायची वेळ कधी आली नाही. जावयाला विचारण्यात कमीपणा वाटला असता. ते हातोडी मारायचे आणि हळूच माझ्या तोंडाकडे बघायचे. मी स्वस्थ असलो तर व्हील पास. माझ्या कपाळाला आठी पडली तर घण. आम्ही दोघेही याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पावणेदोन वर्षं हे सुरळीत चाललं.

मग एका सकाळी त्यांनी आमच्या पाळीतल्या सगळ्या कामगारांसमोर मला उंटावरचा शहाणा ठरवलं. लोक पोट धरून हसले. दहा मिनिटांनी स्टोअरमध्ये एक व्हील असं खणखणीत वाजलं की कान तृप्त व्हावेत. मी तोंड वाकडं केलं. मामांनी घण उचलला आणि फोडून टाकलं.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! ज्या माणसासमोर मान वर करायची सोय नव्हती, तो माझ्या भुवईवर नाचत होता. चहाच्या वेळी मी ही गंमत पाळीला सांगितली. त्या दिवसापासून लोक हात जोडून, चेहरा गोड ठेवून त्यांना वाटेल ते बोलू लागले. "काय कानसेन, कधी मरताय?" मामा हसून मान डोलवायचे आणि उलट नमस्कार करायचे. त्या हसण्यात मीही होतो, सगळ्यांत मोठ्याने.

महिनाभरात मी त्यांच्याकडून अकरा धड व्हीलं फोडून घेतली. शेवटी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात झापलं. "आणखी एक फुकट गेलं तर स्टोअरच्या चाव्या द्यायच्या आणि अंगण झाडायचं. उद्या मी स्वतः समोर उभा राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी खोलीत आम्ही तिघे होतो. साहेब ऑफिसातला माणूस, त्याला धड आवाज आणि फुटका आवाज यांतला फरक कळत नव्हता. मामांनी व्हील टांगलं आणि ठोकलं.

थप्प.

माझं तोंड आपोआप वाकडं झालं, अगदी खरंखुरं. आणि लगेच मनात आलं, आता हे व्हील फुटणार, साहेब खोदून खोदून विचारणार, म्हातारा माझ्याकडे बोट दाखवणार, पाळीतला कुणीतरी अकरा व्हीलांची गंमत सांगणार. मी तोंड सरळ केलं. एका क्षणात मामांनी माझे दोन्ही चेहरे पाहिले. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा थप्प. मी भिंतीसारखा उभा राहिलो.

"उत्तम वाजलं," मामा म्हणाले.

व्हील मशीनवर चढलं. मी खांबाआड गेलो. मामाही बाजूला होऊ लागले, तसे साहेब हसून त्यांना मोठ्याने म्हणाले, "तुम्ही पास केलंय ना? एवढा भरवसा आहे तर राहा की रेघेवर उभे. बघू दे सगळ्यांना."

पाळी खिदळली. मामांचे कान लाल झाले. ते तीस वर्षांत पहिल्यांदा रेघेवर जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी मला शोधलं. ते माझ्याकडे बघत होते, काही विचारावं तसे. एक शब्द पुरला असता. तोही नको, नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. साहेबांनी बटण दाबलं.

वीस सेकंदसुद्धा झाले नसतील. तुकडा त्यांनी सांगितलेल्या वाटेनेच आला, बोटभरही इकडेतिकडे न होता, आणि छातीत घुसला.

चौकशीत साहेबांनी लिहून दिलं की कामगार स्वतःच्या मर्जीने रेघेवर उभा राहिला. पाळीने सह्या केल्या. माझी सही पहिली आहे.

घरी माणसांची रीघ होती. ती ओसरल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"तुम्ही खोलीत होतात ना? कसं वाजलं होतं?"

"छान वाजलं होतं," मी म्हणालो.

तिने माझा हात हातात घेतला. "मग तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुमच्यामुळे तर दोन वर्षं त्यांची लाज राहिली. मरेपर्यंत कुणाला कळलं नाही, बाबांना ऐकू येत नव्हतं ते."

ती मला समजावत राहिली. पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तो फिरवू दिला.